बिननळाचे बडे बाबू

नोकरीच्या पहिल्या दिवशी मी नेमणुकीचा आदेश, शाळा सोडल्याचा दाखला, डॉक्टरचं प्रमाणपत्र आणि या प्रत्येकाच्या तीन-तीन झेरॉक्स छातीशी धरून बडे बाबूंच्या टेबलासमोर उभी राहिले. त्यांनी एकाही कागदाकडं पाहिलं नाही. चष्मा नाकावर खाली ओढून विचारलं, "ताई, तुमच्याकडं पानी कवा येतं?"

मला वाटलं, मुलाखतीत राहून गेलेला प्रश्न असावा. मी सांगितलं की आम्ही गारखेड्यात भाड्यानं राहतो, पाणी तीन दिवसांआड येतं, कालच येऊन गेलं. मग त्यांनी एकामागून एक विचारायला सुरुवात केली. किती वाजता येतं, किती वेळ टिकतं, दाब कसा असतो, भरायला घरी कोण, लेकरं किती. मी म्हणाले, अकराच्या सुमारास येतं, पाऊण तास असतं. नवरा वाळूजला कंपनीत, सासूबाईंचे गुडघे गेलेले, मुलगी दोन वर्षांची. हे सगळं त्यांनी एका लांबट वहीत शाईपेनानं लिहून घेतलं, खाली रेघ ओढली, शाई वाळावी म्हणून फुंकर मारली आणि मग विचारलं, "नाव काय म्हनलात तुम्ही?"

बडे बाबू म्हणजे आमचे मुख्य लिपिक. खातं कोणतं ते सांगत नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काही नाही. तालुक्यांतून कागद यायचे, आम्ही ते एकत्र बांधून वर पाठवायचो आणि काही दिवसांनी ते 'अपूर्ण' असा शेरा घेऊन परत यायचे. एवढ्या कामाला आम्ही तेवीस माणसं होतो आणि तरीही आम्हाला मरायला फुरसत नव्हती.

शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. पाऊस दोन वर्षं सरळ तोंड फिरवून बसला होता, धरणात पाण्यापेक्षा चिखल जास्त दिसत होता, आणि शहर मात्र दर महिन्याला एका नव्या कॉलनीला जन्म देत होतं. त्या कॉलन्यांच्या नावांत नदी, सरोवर, झरा असं काहीतरी हमखास असायचं. पाइप जुने तेच, धरण जुनं तेच, तोंडं वाढलेली. त्यामुळं सगळ्या शहराला पाळीनं पाणी. 'आज आमचं पाणी आहे' हे वाक्य आमच्याकडं 'आज घरी लग्न आहे' इतकंच वजनदार होतं. ते उच्चारलं की पुढचा माणूस आपोआप बाजूला सरायचा.

बडे बाबू येण्याआधी, जुने लोक सांगत, आमच्या कार्यालयात आत्यांची फार कत्तल व्हायची. पाणी भरायला घरी थांबायचंय असं रजेच्या अर्जात लिहिता येत नसे, म्हणून कुणाची ना कुणाची आत्या वारायची. एका उन्हाळ्यात एकाच लिपिकाच्या पाच आत्या गेल्या आणि तरीही त्याच्या लग्नात तीन हजर होत्या. बडे बाबूंनी खुर्चीवर बसल्याबरोबर पहिला हुकूम सोडला तो असा, "आत्या मारू नका. पानी हाय म्हना. खरं कारन आसताना खोट्याचे हाल कशाला?"

नुसता हुकूम सोडून ते थांबले नाहीत, त्यांनी वही काढली. सगळ्यांच्या घरच्या पाळ्या मांडून त्यांचे चार गट पाडले आणि त्या गटांना नाव दिलं कळप. पहिला कळप, दुसरा कळप, असे चार. नव्यानं आलेल्या आम्हा बायकांना सुरुवातीला हे नाव फारसं रुचायचं नाही. पण महिन्याभरात आम्हीच एकमेकींना विचारू लागलो, "तू कितव्या कळपातली गं?" प्रत्येक टेबलाला दुसऱ्या कळपातला एक जोडीदार नेमलेला असे. ज्याचं पाणी असेल त्यानं दोन तास घरी जायचं, तोवर जोडीदारानं त्याचं टेबल सांभाळायचं, आणि परत आल्यावर त्यानं जोडीदाराचं राहिलेलं काम उचलायचं. कामासाठी आलेल्या माणसाला 'ते पाण्याला गेलेत, उद्या या' असं सांगायची सक्त मनाई होती. कुणी सांगितलंच तर त्याची पुढची पाळी बंद.

या वहीपायी बडे बाबू कुणाच्याही खाजगी बाबतीत बेधडक शिरत. जावक विभागातल्या एकानं नव्या इमारतीत फ्लॅट पाहिला. स्वस्त होता, कोपऱ्यावरचा होता, बायकोला आवडला होता. बडे बाबूंनी त्याला बसवून घेतलं आणि समजावलं की त्या भागाचं पाणी तिसऱ्या कळपात येतं, तिसऱ्यात आधीच सात माणसं आहेत, आणि तुझा जोडीदारही तिसऱ्यातलाच; तेव्हा तू पहिल्या कळपातल्या कॉलनीत घर बघ. त्यानं खरोखर बघितलं. त्याची बायको पुढं वर्षभर बडे बाबूंना समोरून येताना पाहिलं की रस्ता ओलांडायची.

ते मूळचे सोयगावकडचे. घर मेंढपाळांचं. घराण्यात शाळेचं तोंड पाहिलेला पहिला माणूस हेच, पण मेंढरं त्यांच्या अंगातून गेली नव्हती. चहाला निघालो की ते सगळ्यांच्या मागून चालत, पुढं कधीच नाही. टपरीवर पोचलो की ओठ न हलवता माणसं मोजत. खुर्चीवर बारा महिने एक काळी घोंगडी घडी करून टाकलेली असे. मे महिन्यात, पंखा नुसताच गरम हवा ढवळत असताना त्यांना घोंगडीवर बसलेलं पाहून आम्हालाच घाम फुटायचा. आणि संध्याकाळी कार्यालय सुटायची वेळ झाली की जिभेनं टाळूवर असा काही आवाज काढत की आम्ही सगळे एकदम उठून पिशव्या भरू लागायचो. घंटा होती, पण शिपाई सांगायचा की ती वाजवायची वेळच येत नाही.

एकदा चहा पिताना त्यांनी लहानपणची गोष्ट सांगितली. दुष्काळात त्यांचे वडील मेंढरं घेऊन अजिंठ्याचा डोंगर उतरून खानदेशाकडं जायचे. वाटेत कुठं विहीर लागली की दगडी डोणीत पाणी ओतायचे आणि सगळा कळप धावायचा. पण वडील काठी आडवी धरून उभे राहायचे. आधी लेकुरवाळ्या मेंढ्या, मग कोकरं, मग बाकीच्या, आणि एडके सगळ्यात शेवटी. "एडक्याला लई घाई आसती," बडे बाबू म्हणाले, "पन त्यो तहानेनं मरत नाय." एवढं बोलून त्यांनी आमच्यातल्या पुरुषमंडळींकडं अशा नजरेनं पाहिलं की दोघांनी उरलेला चहा बायकांसाठी सोडला.

आणि सगळ्यात मोठी गंमत म्हणजे त्यांच्या स्वतःच्या घरी नळच नव्हता. शहर वाढत होतं त्या दिशेला, पार टोकाला, त्यांनी गुंठेवारीत प्लॉट घेऊन दोन खोल्या बांधल्या होत्या. विकणाऱ्याच्या नकाशावर तिथं बाग, शाळा आणि साठ फुटी रस्ता होता. जमिनीवर बडे बाबूंचं घर, एक बाभूळ आणि 'प्लॉट विकणे आहे' अशी पाटी होती. नळाची लाइन अलीकडं दोन कोसांवर संपत होती. आठवड्यातून एकदा टँकर यायचा, तोही रविवारी. त्यामुळं तेवीस माणसांत पाण्याची पाळी नसलेला माणूस एकच. आम्ही विचारलं तर ते मोठ्या अभिमानानं म्हणायचे की नळाची वही बिननळाच्या माणसानंच ठेवावी, पक्षपाताला जागा उरत नाही.

मग नवे साहेब आले. वयानं तरुण, हुशार, पुण्याकडचे. सरकारी बंगल्यात राहायचे, तिथं टाकी कायम भरलेली. त्यांनी पहिल्याच आठवड्यात हजेरीसाठी अंगठ्याचं मशीन बसवलं आणि दुसऱ्या आठवड्यात त्यांच्यासमोर एका लिपिकाचा दोन तासांच्या सवलतीचा अर्ज गेला. कारणाच्या रकान्यात एकच शब्द होता, 'पाणी'. साहेबांनी हिरव्या शाईनं शेरा मारला, 'पाणी म्हणजे काय?'

बडे बाबूंनी शेरा वाचला आणि त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो मी नंतर फक्त एकदा, त्यांना नातू झाला तेव्हा, पाहिला. इतक्या वर्षांच्या नोकरीत वरून कुणी पहिल्यांदाच नेमका प्रश्न विचारला होता. त्यांनी तीन दिवस खपून नऊ पानांचा खुलासा तयार केला. त्यात धरण, पंप, टाक्या, चारही कळप, जोडीदारांची यादी आणि हातानं काढलेला शहराचा नकाशा होता. कोणत्या गल्लीत कोणत्या बाजूच्या घरांना दाब कमी मिळतो हेही त्यावर बाणांनी दाखवलेलं होतं. विषय लिहिला होता, 'पाणी म्हणजे काय याबाबत'. फाईल दोन दिवस साहेबांच्या टेबलावर पडून राहिली. परत आली तेव्हा शेरा होता, 'पाहिले.' वही चालू राहिली.

अंगठ्याच्या मशीननं मात्र बडे बाबूंना कधीच ओळखलं नाही. लहानपणापासून विहिरीचा दोर ओढून त्यांचा अंगठा गुळगुळीत झाला होता. ते रोज सकाळी सगळ्यांच्या आधी येत, अंगठा टेकवत आणि मशीनमधली बाई गोड आवाजात सांगे, कृपया पुन्हा प्रयत्न करा. ते निमूटपणे पुन्हा प्रयत्न करत. महिनाअखेरीला जो कागद निघाला त्यात आख्ख्या कार्यालयात कायम गैरहजर असणारा माणूस एकच निघाला, आणि तो असा की ज्यानं एकही रजा घेतली नव्हती. साहेबांना शेवटी त्यांच्यापुरती जुनी हजेरीवही परत काढावी लागली.

आता मूळ गोष्टीकडं येते. ती सांगायला मला अजूनही थोडं जड जातं.

माझी नोकरी तेव्हा कायम नव्हती. दोन वर्षांची परिवीक्षेची मुदत असते. मुलीच्या आजारपणांत माझ्या इतक्या रजा झाल्या होत्या की ती एकदा वाढवलेली होती, आणि आता वाढीव मुदतही संपत आली होती. दुसऱ्यांदा वाढत नाही, सरळ घरी पाठवतात. त्याच सुमारास आमच्याकडं अधीक्षकाची जागा रिकामी झाली. उमेदवार दोघे, बडे बाबू आणि लेखा शाखेतले एक गृहस्थ. मुंबईहून मोठे साहेब दप्तर तपासायला येणार होते. त्याच दिवशी ते दोन्ही उमेदवारांशी बोलून शिफारस करणार होते, आणि मला कायम करायचं की नाही तेही त्याच दिवशी ठरणार होतं.

बडे बाबूंची निवृत्ती दीड वर्षावर होती. ही शेवटची संधी. ते बोलत नसत, पण त्यांनी त्या दिवसासाठी राखाडी रंगाचा नवा सफारी शिवायला टाकला होता आणि गावाकडं म्हाताऱ्या आईला कळवून ठेवलं होतं की बहुतेक मी आता अधिकारी होणार. हे त्यांनी शिपायाला सांगितलं होतं, आणि शिपायाला सांगितलं म्हणजे कार्यालयाला.

आणि तपासणीला आठ दिवस उरले असताना पाण्याची मोठी लाइन फुटली. एका कळपाची पाळी गेली, मग दुसऱ्याचीही. शहर कोरडं पडलं. आमच्या घरी नऊ दिवस थेंब नव्हता. सासूबाई शेजारून कळशी आणताना पायरीवरून घसरल्या आणि पाय प्लॅस्टरमध्ये गेला. नवऱ्याला कंपनीनं प्रशिक्षणाला पुण्याला धाडलं होतं. त्यानं सुट्टी मागितली, मिळाली नाही. त्यात मुलीला जुलाब सुरू झाले. डॉक्टर म्हणाले, भरपूर उकळलेलं पाणी पाजा, स्वच्छता ठेवा. विकतचे जार मिळत होते, पण त्यात पिणंच जेमतेम भागायचं. धुण्याचे कपडे कोपऱ्यात साठत चालले होते.

तपासणीच्या आदल्या दिवशी दुपारी बडे बाबूंना त्यांच्या ओळखीच्या लाइनमनचा फोन आला. फोनचा आवाज इतका मोठा होता की आम्हा सगळ्यांना ऐकू गेला. तो म्हणत होता, "बडे बाबू, लाइन जुड गई. मगर अब पाळी-वाळी कुछ नै. कल ग्यारा बजे सबकू एकीच टाइम छोडते. फिर कब आता, मेरेकू बी मालूम नै."

बडे बाबूंनी वही उघडली आणि तशीच मिटली. चारही कळप एकाच वेळी. ही वेळ त्या वहीत बसत नव्हती. साहेबांनी त्याच दिवशी परिपत्रक काढलं होतं की उद्या कुणालाही, कोणत्याही कारणासाठी सवलत नाही. ज्यांच्या घरी माणसं होती ते फोन करून मोकळे झाले. बाकीच्यांनी कुणी मेव्हणा, कुणी शेजारीण गाठली. माझ्याकडं गाठायला कुणी नव्हतं. आमचा नळ अंगणात, सामाईक. ज्याचा माणूस पाइप धरून उभा त्याला पाणी, आणि कुणीच उभं नसेल तर सगळं घरमालकाच्या टाकीत.

मी अर्ज लिहिला. उद्या येऊ शकत नाही, कारण पाणी. तो अर्ज म्हणजे नोकरीचा राजीनामाच होता हे मला ठाऊक होतं. बडे बाबूंनी तो वाचला, चार घड्या केल्या आणि खिशात टाकला. मग विचारलं की दुपारी तुमचं दार उघडं असतं का. मी म्हणाले, सासूबाईंना उठता येत नाही म्हणून लोटलेलंच असतं.

"मंग झालं," ते म्हणाले. "उद्या दहाच्या आत या तुम्ही. लेकराची काळजी करू नका."

मला वाटलं, लाइनमनला सांगून ते कुणाची तरी व्यवस्था करतील. खरंच सांगते, यापलीकडं माझ्या डोक्यात काही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी पावणेदहाला पोचले तेव्हा बडे बाबूंच्या खुर्चीवर नुसती घोंगडी होती. टेबलावर तपासणीच्या सगळ्या फाईली ओळीनं लावलेल्या, प्रत्येकीत पानापानावर चिठ्ठ्या. शिपाई म्हणाला, ते साडेआठलाच आले होते, नव्या सफारीत, एकदम नवरदेव. सगळं लावून दिलं, सवयीनं अंगठा टेकवला, मशीननं नाही म्हटलं, आणि सायकल काढून गारखेड्याच्या बाजूला गेले. जुन्या हजेरीवहीत त्यांनी सही केली नव्हती.

तेव्हा मला कळलं. शहरात त्या दिवशी प्रत्येक घरी पाणी होतं आणि बिनपाण्याचा माणूस आमच्यात एकच होता.

मोठे साहेब साडेदहाला आले. फाईली पाहून खूश झाले. अकराच्या सुमारास अधीक्षकाच्या जागेसाठी उमेदवारांना बोलावणं आलं. लेखा शाखेतले गृहस्थ टाय लावून आत गेले. त्यांच्यानंतर नंबर बडे बाबूंचा होता. मी मागच्या व्हरांड्यात गेले आणि त्यांना फोन लावला. त्यांनी उचलला तेव्हा पाण्याचा नुसता धबधबा ऐकू येत होता. मी म्हणाले, बाबू, तुमचं नाव पुकारलंय, सायकल टाका, रिक्षा करा, वीस मिनिटांत पोचाल; पाणी गेलं तर जाऊ द्या, मी बघेन माझं.

"ताई," ते म्हणाले, "दाब आत्ता कुठं चांगला आलाय. फोन ठिवा."

आणि त्यांनीच ठेवला.

आत मोठ्या साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि विचारलं की मुख्य लिपिक कुठं आहेत. लेखा शाखेतले गृहस्थ हळूच म्हणाले, बहुतेक नातेवाइकांत कुणीतरी वारलं असावं. ते त्यांच्या परीनं मदतच करत होते. पण बडे बाबूंच्या नावावर एक मेलेली आत्या चढताना मला बघवलं नाही. मी दारातूनच म्हणाले, "साहेब, ते माझ्या घरी पाणी भरतायत."

मोठ्या साहेबांनी माझ्याकडं पाहिलं, मग आमच्या साहेबांकडं. मला वाटलं, संपलं. बडे बाबूंची बढती गेली ती गेलीच, माझी नोकरीही मी माझ्याच तोंडानं घालवली. तेवढ्यात आमचे साहेब खुर्चीतून उठले आणि बोलू लागले. धरणात किती उरलंय, पंप कुठं आहेत, कोणत्या टाकीतून कुठं सुटतं, चार पाळ्या कशा, उताराकडच्या घरांना आधी का मिळतं, गारखेड्यात अकराला सुटलेलं पाणी पावणेबाराला का जातं. नऊची नऊ पानं त्यांना तोंडपाठ होती. मोठे साहेब ऐकत राहिले. शेवटी त्यांनी मला विचारलं, घरी लहान मूल आहे का. मी मान हलवली. त्यांनी माझी फाईल ओढली आणि कायम करण्याच्या कागदावर सही केली. मग दुसरी फाईल ओढून तिच्यावर लिहिलं, 'उमेदवार मुलाखतीस अनुपस्थित.' नियम होता, आणि ते नियमाचे माणूस होते. त्यांना वाईट म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

लेखा शाखेतले गृहस्थ अधीक्षक झाले. आमच्या साहेबांनी बडे बाबूंसाठी वर खास पत्र लिहिलं. ते महिन्याभरानं 'अपूर्ण' असा शेरा घेऊन परत आलं. बडे बाबू दीड वर्षानं बडे बाबू म्हणूनच निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी त्यांनी आपल्या पदाचा कार्यभार रीतसर यादी करून सोपवला आणि यादीच्या शेवटी लिहिलं, 'वही, लांबट, एक.' ती त्यांनी अधीक्षकांना दिली नाही, साहेबांच्या हातात दिली. साहेबांनी ती दोन्ही हातांनी घेतली.

तपासणीच्या दुसऱ्या दिवशी मी बडे बाबूंची माफी मागायला गेले होते. वाक्यं पाठ करून गेले होते. पहिलं वाक्य अर्धं झालं तोच त्यांनी विचारलं, लेकराचे जुलाब थांबले का. मी हो म्हणाले. मग त्यांनी एक फाईल पुढं केली आणि सांगितलं की सिल्लोडचे कागद आलेत, आज संध्याकाळपर्यंत बांधायचे आहेत. आईला गावी काय कळवलं, हे मी कधीच विचारू शकले नाही.

पण खरं मला त्या संध्याकाळचं सांगायचंय. तपासणी आटोपून, कायम झाल्याचा कागद पर्समध्ये घालून मी घरी पोचले तेव्हा सात वाजत आले होते. घरात पाय ठेवायला जागा नव्हती. टाकी भरलेली, पिंप भरलेलं, हंडे, बादल्या, टब, पातेली, कुकर, इडलीपात्र, जे जे पोकळ होतं ते सगळं काठोकाठ. माझे डाळी-तांदळाचे स्टीलचे डबेसुद्धा मोकळे करून भरले होते आणि डाळी वर्तमानपत्राच्या पुड्यांत बांधून, प्रत्येक पुडीवर शाईपेनानं नाव घालून ओट्यावर ठेवल्या होत्या. तूर, हरभरा, मूग. मुलीच्या भातुकलीतले कप भरून खिडकीत रांगेनं मांडलेले होते. तारेवर धुतलेले कपडे होते. मुलगी न्हाऊन, वाकडा भांग पाडून, शांत झोपली होती. बऱ्याच दिवसांत ती अशी झोपली नव्हती.

सासूबाई खाटेवर पाय लांब करून बसल्या होत्या आणि त्यांना कधी एकदा बोलते असं झालं होतं. म्हणाल्या, लई भला माणूस, सोयगावकडचाच निघाला, आमच्या माहेरच्या बाजूचा. एकटा सारखा आत-बाहेर, आत-बाहेर, कपडे सगळे ओलेचिंब. शेवटी पोरीला उकळलेलं पाणी पाजून गेला, दोन घास खा म्हटलं तर थांबला नाही.

मी विचारलं, जाताना ते काही म्हणाले का.

"म्या इचारलं ना," सासूबाई म्हणाल्या. "म्हनलं, दादा, हापिसाचा खोळंबा झाला आसंल तुमचा. तर म्हनला, नाय आई, आज मला हापिसात काय बी काम नव्हतं." मग त्यांनी माझ्याकडं रोखून पाहिलं. "आन् तू रोज सांगतीस, तिथं मरायला फुरसत नसती. एवढा मोठा बाबू, नवा सफारी घालून भर दुपारी रिकामा हिंडतो. सरकारला दिसत नाय का गं?"

कायम झाल्याचा कागद मला त्यांना दाखवायचा होता, तो पर्समध्येच राहिला. मी न्हाणीत गेले, दार लावून घेतलं आणि भरलेल्या बादलीतून तांब्यामागून तांब्या तोंडावर मारत राहिले. बराच वेळ झाला असावा, कारण बाहेरून सासूबाईंची हाक आली.

"पानी जपून वापर बाई. त्या बिचाऱ्यानं भरून ठिवलंय."